जुना स्टिरिओ, खानदेशी उन्हाळा आणि पाच हजार रुपये

दसरा झाला की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर एक्स्चेंजच्या पाट्या लागतात. घरी वीस-पंचवीस वर्षांची म्युझिक सिस्टीम असते. एक बॉक्स फाटक्या आवाजात वाजतो, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर होते आणि डेक कॅसेट गिळतो. दुकानदार तिला भंगाराचा भाव लावतो आणि हातात साउंडबार ठेवतो. घरातले जुने लोक मात्र विचारतात, ''डेक वाजी राह्यना ना भाऊ, मंग कसाले बदलतस?'' या प्रश्नात तथ्य आहे. सोनोडाइन, कॉस्मिक किंवा फिलिप्सच्या जुन्या जोडीत मोठं लाकडी खोकं, आठ इंची वूफर, जड चुंबक आणि भारी ट्रान्सफॉर्मर असतो. आज पाच हजारांत या वजनाचं काही मिळत नाही. खराब होतं ते रबर, फोम आणि कंडेन्सर, आणि हे तिन्ही बदलता येतात.

जुन्या सिस्टीमवरचे आकडे मात्र विसरलेले बरे. नव्वदीच्या दशकात खोक्यांवर '१००० वॉट पीएमपीओ' (म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा आकडा) असं झळकायचं. प्रत्यक्षात सलग वाजवायला त्यातून दहा-वीस वॉट निघाले तरी खूप. अशा फुगवलेल्या दाव्यांना आळा घालण्यासाठी अमेरिकेत १९७४ सालीच नियम झाला होता; आपल्याकडे पीएमपीओने पुढेही बराच धंदा केला. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज दुप्पट होत नाही, वाढतो तो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. म्हणून नव्या अॅम्प्लिफायरवर पैसे घालण्याची पाळी सगळ्यात शेवटी यावी.

खानदेशात या यंत्राचा खरा वैरी उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि शोकेसच्या बंद कप्प्यात, कापडी झालरीखाली ठेवलेला अॅम्प्लिफायर त्याहून तापतो. इलेक्ट्रोलाइटिक कंडेन्सरबद्दल ढोबळ नियम असा की तापमान दर १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं. कंडेन्सर सुकला की स्पीकरमधून 'हूं' असा अखंड आवाज येऊ लागतो. त्यात भर कूलरची. दमट वारा थेट बॉक्सवर आला की कागदी कोन मऊ पडतो आणि बटणांचे संपर्क काळे होतात. तेव्हा पहिली सुधारणा फुकटातली: झालर काढा, वर चार बोटं मोकळी जागा ठेवा आणि कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा. कंडेन्सर मात्र मेकॅनिककडूनच बदलून घ्या, कारण प्लग काढल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये भार उरतो. सुटा भाग दहा-वीस ते शे-दोनशे रुपयांचा असतो, बाकी पैसे हाताच्या कामाचे.

फाटका आवाज बहुतेक वेळा वूफरच्या कडेच्या फोममुळे येतो. हा फोम वापरला नाही तरी पंधरा-वीस वर्षांत आपोआप भुगा होतो. जाळी काढून बोट लावलं की काळी पूड हाताला येते. या फोमची नवी कडी त्याच मापाची घ्यावी लागते. आठ इंची म्हणून मागितली तर भलतीच येते, म्हणून कोनाचा आणि पत्र्याच्या चौकटीचा व्यास मोजूनच न्यावं. जुना गोंद स्पिरिटने मऊ करून खरवडायचा, कडी आधी कोनाला चिकटवायची आणि सुकली की चौकटीला. खरं कौशल्य दुसऱ्या वेळी लागतं. गोंद ओला असतानाच चार बोटांनी कोन सारख्या दाबाने खाली-वर करायचा आणि कान लावायचा. जरासं 'खस्स' ऐकू आलं तर आतली कॉइल चुंबकाला घासते आहे. केसभर सरकवून पुन्हा दाबायचं. घासणं थांबलं की हात लावायचा नाही, रात्रभर तसंच राहू द्यायचं.

बॉक्स परत जोडताना दीड व्होल्टचा सेल घ्या. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या लाल टोकाला आणि उणे टोक काळ्या टोकाला क्षणभर लावलं की कोन पुढे यायला हवा. एका बॉक्सचा पुढे आणि दुसऱ्याचा मागे जात असेल तर वायरी उलट आहेत. अशा घरात बास गायब असतो, गायकाचा आवाज कुठून येतो ते कळत नाही आणि माणसं वर्षानुवर्षं इक्वलायझरला दोष देत बसतात.

यानंतरचा खर्च यंत्रावर न करता खोलीवर करावा, असं माझं ठाम मत आहे. जुन्या धाब्याच्या घरात मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात गोण्या आणि गोधड्यांची चळत असायची. आवाज तिथे मुरायचा. आजच्या स्लॅबच्या खोलीत चकचकीत फरशी, काचेचं शोकेस आणि कोऱ्या भिंती, त्यामुळे टाळी वाजवली तरी घुमते. त्यावर बाजारात महागडे पॅनल मिळतात, पण आपण कापसाच्या मुलखात राहतो! पिंजलेला कापूस उत्तम ध्वनिशोषक आहे. गादीवाल्याकडून दोन फूट बाय चार फूट, चार इंच जाडीच्या दोन-तीन गाद्या शिवून घ्याव्यात आणि स्पीकर व बसण्याची जागा यांच्यामधल्या बाजूच्या भिंतींवर, भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगाव्यात. खोल बास यांनी आवरत नाही, पण शब्द स्वच्छ होतात. कापूसच तो, पणत्या आणि उदबत्त्या त्याच्या आसपास नकोत.

बॉक्स लोखंडी कपाटावरून खाली आणावेत, कारण कपाटाचा पत्राही गाण्याबरोबर वाजतो. ट्वीटर कानाच्या उंचीला आला पाहिजे. त्यासाठी खाली विटांचा थर चालतो. दोन्ही बॉक्स आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण झाला की स्टिरिओ ध्वनिमुद्रणात वाद्यांच्या गर्दीतून गळा वेगळा निघतो. लग्नातल्या बँडच्या गाडीमागे चालून तयार झालेल्या आपल्या कानांना सुरुवातीला हा आवाज हलका वाटेल. आठवडाभर थांबावं.

मोबाइल जोडायचा तर हजाराच्या आतबाहेरचा छोटा डॅक (डिजिटल संकेताचा अॅनालॉग करणारा तुकडा) आणि ऑक्सची वायर पुरते. अॅम्प्लिफायरवर फोनो लिहिलेली जागा रेकॉर्ड प्लेअरची, तिथे ती लावू नये. आकाशवाणीचं मिडीयम वेव्ह ऐकणाऱ्यांनी फार अपेक्षा ठेवू नये. त्या लहरींवर वरचे सूर मुळातच कापलेले येतात, कितीही भारी स्पीकर लावला तरी.

अॅम्प्लिफायरची एसटीके मालिकेतली आयसी जळली असेल तर मात्र विचार करावा. तिचे बरेच नंबर आता बनत नाहीत आणि बाजारात नकली माल पुष्कळ आहे. त्यापेक्षा टीपीए३११६ चिपचा तयार बोर्ड आणि २४ व्होल्टचा चांगल्या कंपनीचा अॅडॉप्टर जुन्याच खोक्यात बसवून घेणं स्वस्त पडतं.

आणि डेक? फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली, तिच्या यंत्राचे रबरी बेल्ट अजून मिळतात. बेल्ट बदलला आणि हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं की बहुतेक वेळा डेक चालू होतो. घरात आजीच्या ओव्या किंवा अहिराणी गाण्यांच्या कॅसेट असतील तर दुरुस्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्याआधी प्रत्येक कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवावी, म्हणजे चिकटलेली टेप सुटते.