'मुलांस' म्हणजे कोणाकोणास?

गेल्या दिवाळीत अथालला जाण्याचा योग आला. अथाल हे दादरा-नगर हवेलीत सिल्वासाजवळचे गाव. आमची भाची तिथे असते, जावईबापू तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला. जावई धारवाडकडचे, त्यामुळे घरात बाप-लेकीचे कन्नड आणि माय-लेकीचे मराठी. शेजार गुजराती आणि शाळा इंग्रजी. अशा घरातली नऊ वर्षांची नात शब्दांच्या बाबतीत फार चौकस असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

एके सकाळी तिच्याबरोबर फिरायला निघालो. शाळेला सुटी होती, पण फाटकावरच्या मोठ्या पाटीपाशी ती थांबली. "आजोबा, अफिलिएटेड म्हणजे काय?"

"संलग्न. म्हणजे मोठ्या मंडळाला जोडलेली शाळा."

तेवढ्यावर भागले नाही. घरी येऊन जावईबापूंचा जाडजूड शब्दकोश काढावा लागला. त्यात शब्दाचे मूळ लॅटिन दिले होते. लॅटिनमध्ये 'फिलियस' म्हणजे मुलगा आणि 'फिलिया' म्हणजे मुलगी. त्यातल्या 'फिलियस'वरून 'अफिलिएट' झाले. मूळ अर्थ, मुलगा करून घेणे. थोडक्यात, दत्तक घेणे!

नात लगेच म्हणाली, "पण आजोबा, शाळा तर 'ती' शाळा. मग मुलगी करून घेतली म्हणा ना!" जावई हसून म्हणाले, "आमच्या कन्नडात शाले म्हणजे 'अदु'. मुलगाही नाही, मुलगीही नाही."

हसण्यावारी गेली गोष्ट, पण माझ्या डोक्यात ती राहिली. परत आल्यावर जरा शोध घेतला. तो वाचकांपुढे ठेवतो, कारण या दोन लॅटिन शब्दांचा आपल्या घरांशी वाटतो त्याहून जवळचा संबंध आहे.

'फिलियस' आणि 'फिलिया' हे मुळात एकच शब्द, फक्त शेवट बदललेला. जसे आपले मुलगा-मुलगी आणि कन्नडमधले मग-मगळु. भाषातज्ज्ञ सांगतात की त्यांचे मूळ 'दूध पिणे' या अर्थाच्या अतिप्राचीन धातूत आहे. म्हणजे मूळ अर्थ, आईच्या अंगावर पिणारे लेकरू. त्याच धातूपासून संस्कृतात 'धेनु' आणि 'धात्री' आले. इंग्रजीतला 'फिमेल' शब्दही त्याच घराण्यातला. अंगावर पिणाऱ्या लेकरात मुलगा कोण आणि मुलगी कोण, हा भेद नव्हता. आपल्या मराठीतही 'माझा लेक' आणि 'माझी लेक' असे एकाच शब्दात दोघे बसतात.

इंग्रजीने स्वतःचे 'सन' आणि 'डॉटर' हे शब्द ठेवले. तेही आपले नातेवाईकच आहेत. संस्कृतातले 'सूनु' आणि 'दुहितृ' हे त्यांचे भाईबंद, आणि गोव्याच्या कोकणीत मुलीला आजही 'धूव' म्हणतात तो शब्द 'दुहितृ'चाच वंशज. लॅटिनकडून इंग्रजीने घेतले ते कचेरीचे आणि पुस्तकी शब्द. आईबापांविषयीच्या कर्तव्याला 'फिलियल' म्हणतात, तर कॉलेज विद्यापीठाला जोडले की 'अफिलिएशन'. इंग्लंडच्या कोर्टात 'अफिलिएशन'चा आणखी एक अर्थ होता. लग्नाबाहेर जन्मलेल्या मुलाचा बाप कोण हे ठरवायचे आणि त्याच्याकडून पोटगी घ्यायची. हे दावे १९८७ च्या कायद्याने बंद झाले. ('फाईल' आणि 'प्रोफाईल' मात्र या घरातले नव्हेत. ते 'फिलम' म्हणजे दोरा या शब्दावरून आले. कागद दोऱ्यात ओवून ठेवत, म्हणून फाईल.)

आता अथालचेच पाहा. हा सारा मुलूख १९५४ पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. त्या वर्षी २२ जुलैला दादरा, २८ जुलैला जवळचे नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. पोर्तुगीज ही लॅटिनचीच लेक. तिच्यात 'फिलियस'चा 'फिल्यु' झाला आणि 'फिलिया'ची 'फिल्या'. पोर्तुगीज जन्मनोंदीत 'अमक्याचा फिल्यु', 'अमक्याची फिल्या' असे लिहीत. गोव्यात ऐकू येणारे 'फिदाल्गु' म्हणजे 'फिल्यु दि आल्गु', कुणातरी मोठ्याचा मुलगा, अर्थात खानदानी माणूस.

फ्रेंचांकडे हाच शब्द 'फिस' झाला आणि नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात गेला तो 'फिट्झ' म्हणून. फिट्झजेराल्ड म्हणजे जेराल्डचा मुलगा. या आडनावाचे एक गव्हर्नर १८६७ ते १८७२ या काळात मुंबई इलाख्यावर होते. महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या आंबेनळी घाटाला पूर्वी फिट्झजेराल्ड घाट म्हणत. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने आपल्या अनौरस मुलाला 'फिट्झरॉय' म्हणजे 'राजाचा मुलगा' हे नाव दिले. मुलग्याचा शब्द असा आडनावांत, घाटांत आणि कचेऱ्यांत जाऊन बसला. मुलीच्या शब्दाला हे भाग्य लाभले नाही.

आणि 'अफिलिएट' म्हणजे दत्तक घेणे, हे तर आपल्या भागाला शिकवायला नको! कित्तूरच्या गादीसाठी १८२४ मध्ये शिवलिंगप्पाला दत्तक घेतले. धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने ते दत्तकविधान मानले नाही आणि राणी चन्नम्मा लढाईला उभी राहिली. ऑक्टोबरात थॅकरे त्या लढाईत मारला गेला. पुढे राणी कैद झाली आणि १८२९ साली बैलहोंगलला कैदेतच वारली. कोल्हापूरचे शाहू महाराजही दत्तकच. कागलच्या घाटगे घराण्यातला हा मुलगा १८८४ साली गादीवर आला. घेतला जाई तो मुलगाच, मुलगी नव्हे. गादी चालवायला आणि पिंड द्यायला मुलगा हवा, ही समजूत. हिंदूंना मुलगी दत्तक घेण्याची कायदेशीर मुभा मिळाली ती थेट १९५६ च्या दत्तक कायद्याने. नातीने फाटकापाशी विचारलेला प्रश्न एवढा जुना आहे.

पण सगळ्यांत मनाला लागली ती लॅटिन व्याकरणातली एक बारीक गोष्ट. 'मुलांना' म्हणायचे तर लॅटिनमध्ये 'फिलिईस', आणि 'मुलींना' म्हणायचे तरी 'फिलिईस'. रूप एकच. बोलताना चालून जाई, पण मृत्युपत्रात काय करायचे? 'माझी मालमत्ता फिलिईस' असे लिहिले तर मुली धरायच्या की नाही? म्हणून मुलींसाठी मुद्दाम एक वेगळे रूप वापरात आले, 'फिलियाबस'. मुली कागदातून गळू नयेत म्हणून व्याकरणाचा नियम वाकवला!

हे वाचले आणि मला आमच्या आजोबांचा कागद आठवला. १९६८ सालचे मृत्युपत्र. त्यात एक ओळ आहे, 'माझे पश्चात माझे मुलांस समान वाटून द्यावे.' आजोबांना तीन मुलगे आणि दोन मुली. 'मुलांस' म्हणजे तिघांस की पाचांस? मराठीत 'मुले' म्हणजे नुसते मुलगेही आणि सगळी लेकरेही. कन्नडात तरी 'मक्कळु' म्हटले की सगळी लेकरे, वेगळे सांगायचे तर 'गंडुमक्कळु' आणि 'हेण्णुमक्कळु'. आमच्या घरात कोणी विचारलेच नाही. तिघांनी वाटून घेतले. दोघी आत्यांनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आणि साडीचोळी घेऊन त्या आपापल्या घरी गेल्या. सह्या घेणाऱ्यांत माझे वडीलही होते, हे मला लिहिलेच पाहिजे.

धाकटी आत्या घटप्रभेकाठच्या कन्नड गावात दिलेली. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो, तेव्हा विषय निघाला. ती म्हणाली, "ननगेनू ब्याड रे. जमीन घेऊन मी काय करणार होते? पण कागदात माझं नाव असायला हवं होतं."

तेव्हापासून कायदा बराच पुढे आला आहे. वडिलार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मसिद्ध हक्क देण्याची दुरुस्ती कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांनी एकाच वर्षी, १९९४ मध्ये केली. पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने तो हक्क लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत कागदाने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेल्या वाटण्या त्यामुळे उघडल्या जात नाहीत. तसेच स्वकष्टार्जित मालमत्तेचे मृत्युपत्र करायला माणूस मोकळाच आहे. तिथे कायदा नव्हे, कागदावरचा शब्दच मुलीला तारतो किंवा मारतो.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. मृत्युपत्र किंवा वाटणीपत्र करताना 'मुलांस' एवढ्यावर थांबू नका. 'माझा मुलगा अमुक, माझी मुलगी अमुक' असे प्रत्येकाचे नाव घाला. मुलगी सासरी असेल तर माहेरचे आणि सासरचे, दोन्ही नावे घाला. काय द्यायचे ते तुम्ही ठरवा, पण मोघम शब्दाआड कोणाला ठेवू नका. कागद मराठीत असो की कन्नडात.

अथालहून आल्यावर मी माझे स्वतःचे मृत्युपत्र काढून पाहिले. त्यातही 'मुलांस' असेच लिहिलेले निघाले! आता नवे केले आहे. त्यात एक मुलगा आणि दोन मुली, तिघांची नावे ओळीने आहेत.