संचालकाने कंपनीला दिलेले पैसे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एप्रिल १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांना जुहूचा ‘प्रतीक्षा’ बंगला विकायला मनाई केली. त्यांच्या एबीसीएल या कंपनीच्या कर्जापायी कॅनरा बँकेचे वसुलीचे दावे चालू होते. कंपनीसाठी पैसा उभारायला आपण बंगला गहाण टाकला आहे, असे बच्चन यांचे म्हणणे होते. नाव मोठे म्हणून ही गोष्ट सर्वांना कळली. छोट्या निर्मात्यांच्या, हॉटेलवाल्यांच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्येही घरचा पैसा असाच जातो, आणि बहुतेकदा एकही कागद न करता.

‘कंपनी माझी, पैसे कधीही काढीन.’ कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती आहे. भागभांडवल म्हणून घातलेली रक्कम सहजासहजी परत काढता येत नाही. कर्ज म्हणून दिलेली मागता येते. म्हणून पैसे देण्याआधीच संचालक मंडळाचा ठराव आणि करार करून रक्कम बँकेतून द्यावी. २०,००० रुपये किंवा त्याहून मोठे कर्ज रोखीत घेता येत नाही आणि फेडताही येत नाही. परत आलेली मुद्दल हे उत्पन्न नव्हे. कर लागतो तो व्याजावर.

‘कंपनी कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे असे कर्ज चालतच नाही.’ ते कलम कंपनीने संचालकाला दिलेल्या कर्जाबद्दल आहे. उलट दिशेने अट वेगळी: ही रक्कम दुसऱ्याकडून उसनी घेतलेली नाही, असे संचालकाने लेखी द्यायचे. घर गहाण टाकून आणलेला पैसा इथेच अडकतो. तो ‘ठेव’ ठरू शकतो, आणि ठेवींचे नियम फार कडक आहेत.

‘वसुलीचा दावा लावायला मागणी केल्यापासून तीन वर्षे मिळतात.’ हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ‘मागताच परत’ अशा कर्जाची मुदत कर्ज दिल्या दिवसापासून मोजतात. ती संपण्याआधी कंपनीने सही करून देणे मान्य केले, तर नव्याने सुरू होते. ताळेबंदातली नोंदही अशी कबुली ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. तरी दरवर्षी स्वतंत्र पत्र घ्यावे.

‘बिनव्याजी दिले, म्हणजे हक्क गेला.’ नाही. ‘ओरेटर मार्केटिंग’च्या निकालात (२०२१) खेळत्या भांडवलासाठी दिलेले बिनव्याजी कर्जही दिवाळखोरी संहितेखाली वित्तीय कर्ज मानले गेले.

‘कंपनीच्या कर्जाला दिलेल्या हमीपोटी बँकेला भरलेले पैसे गेलेच.’ करार कायदा, १८७२ प्रमाणे हमीदार पैसे भरताच बँकेच्या जागी उभा राहतो आणि कंपनीकडून वसुली करू शकतो. मात्र दिवाळखोरीत मंजूर झालेल्या आराखड्याने हा हक्क संपुष्टात येऊ शकतो.

कंपनी बुडू लागली की संचालक आधी स्वतःचे पैसे काढून घेतो. तेव्हा त्याच्यावर घरखर्चाचा, मुलांच्या फीचा ताण असतो, हे समजण्यासारखे आहे. पण दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू होण्याआधीच्या दोन वर्षांत इतरांना डावलून संचालकाला फेड झाली असेल, तर न्यायाधिकरण ती रक्कम कंपनीत परत आणायला लावू शकते. धनकोंच्या समितीत त्याला मतही नसते. त्याच्या कर्जाला तारण नसेल, तर कामगारांची देणी आणि तारणवाले धनको त्याच्या आधी येतात.