पाण्याची वाट आणि टॅबची रांग

पावसाळ्यात महाडच्या बाजारपेठेतल्या एखाद्या दुकानदाराचा ब्राउझर बघावा. हवामान खात्याचा इशारा, महाबळेश्वरचा पाऊस, बाणकोटच्या भरतीची वेळ, सावित्री नदीची पातळी, पोलादपूरचा आंबेनळी घाट चालू की बंद, शिवाय बातम्यांची पानं. टॅब इतके दाटलेले की शीर्षकाचं अक्षर दिसत नाही. सुकट गल्लीत पाणी शिरायच्या आत माल माळ्यावर चढवायचा, तर एवढं वाचायला सवड कुणाला?

हा पसारा आवरायला आता ब्राउझरच पुढे आलाय. एआयच्या मदतीने टॅबचे गट पाडायची सोय क्रोमने २०२४च्या सुरुवातीला आणली, फायरफॉक्सने जुलै २०२५मध्ये. फायरफॉक्सचं छोटं मॉडेल आपल्याच संगणकावर चालतं. क्रोम मात्र टॅबची शीर्षकं आणि पत्ते गुगलकडे पाठवतो. बँकेचं पान उघडं असेल तर हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. फायरफॉक्सचं मॉडेल शीर्षकांच्या अर्थातली जवळीक मोजून एका विषयाचे टॅब एकत्र बांधतं. सरकारी पानाचं शीर्षक नुसतंच ‘मुख्यपृष्ठ’ असेल, तर ते तरी बिचारं काय ओळखणार!

खरी गोम पुढेच आहे. महाबळेश्वरचं पान सहलीच्या गटात जाऊ शकतं, भरतीचं वेळापत्रक समुद्राच्या. विषय वेगळे, म्हणून गट वेगळे. पाणी मात्र विषय बघून वाहत नाही. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते, इथे तिला गांधारी मिळते आणि खाली बाणकोटच्या खाडीला भरती असली की पुराचा निचरा तुंबतो. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. महाड बुडालं. २२ जुलैला तळिये गावावर दरड आली, ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळेतही दरडींनी बळी घेतले. तेव्हा महाबळेश्वर, बाणकोट आणि सावित्री हे महाडकराच्या लेखी एकाच गटातले टॅब. ‘पूर’ नावाचा तो गट आपल्या हाताने बांधावा. गॅस, रेशन, लग्नाचे हॉल यांचे टॅब खुशाल यंत्रावर सोडावेत.

उघड्या पानांचा सारांश एआयकडून करून घ्यायचा, तर त्याचंही तसंच. हवामान खात्याचा इशारा बऱ्याचदा नकाशाच्या रंगात असतो. फक्त मजकूर उचलणाऱ्या साधनाला त्यातला लाल-नारिंगी दिसतच नाही. रायगडच्या नद्यांच्या तक्त्यात सावित्रीची धोका पातळी ६.५० मीटर, तर कुंडलिकेची २३.९५. तक्ता सपाट मजकुरासारखा वाचला गेला की एकीचा आकडा दुसरीच्या नावावर चढायला वेळ लागत नाही. म्हणून ‘थोडक्यात सांग’ एवढ्यावर भागवू नये. ‘प्रत्येक आकड्यापुढे नदी, ठिकाण, वेळ आणि तो कोणत्या टॅबमधला ते लिही, पानावर वेळ नसेल तर तसं सांग’ असं बजावावं आणि पातळीचा आकडा मूळ पानावर जाऊन स्वतः बघावा.

२०२१च्या पुरात वीज गेली, मोबाइलही मुके झाले. अशा वेळी बॅटरीवरच्या लॅपटॉपमधलं मॉडेल सकाळी उघडलेल्या पानांचा सारांश दुपारीही देईल, तेवढ्याच ठामपणे, पण आकडे सकाळचेच असतील. रेंज गेली की टॅब मिटावेत, नगरपालिकेच्या भोंग्याकडे कान ठेवावा आणि माल वर चढवायला लागावं.