पाय आखडला म्हणजे दुखलं, असं नाही

मागचे पाय गेलेल्या डॅशहंडच्या बोटाला डॉक्टर चिमटा काढतात, पाय झटकन आखडतो आणि घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. "बघा, कळतंय त्याला!" सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. चिमट्याची खबर पायातून मज्जारज्जूच्या कमरेकडच्या भागात पोचते आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो. यात मेंदूला कुणी विचारलेलंच नसतं. पाठीच्या मध्यावर मज्जारज्जू पुरता चेपला तरी खालचं हे वर्तुळ शाबूत राहतं आणि पाय आखडत राहतो.

म्हणून तपासणारा पायापेक्षा तोंडाकडे बघतो. बोटांनी काढलेला चिमटा पुरला नाही, तर तो आर्टरी फोर्सेप्सने बोटाचं हाड दाबतो. कुत्र्याने मान वळवली, केकाटला, चावायला आला, निदान बाहुल्या मोठ्या झाल्या, तर खबर वर पोचली. नुसताच पाय आखडला आणि मान ढिम्म राहिली, तर खोलवरची वेदना कळेनाशी झालेली असते. बघवत नाही हा प्रकार, पण पुढचा अंदाज मुख्यतः यावरच बांधला जातो. मणक्यांमधली चकती सरकून पाय गेले, पण वेदना कळते, अशांपैकी बहुतेक कुत्री शस्त्रक्रियेनंतर पुन्हा चालतात. वेदना न कळणाऱ्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास येतं. तेव्हा "वेदना गेली, आता काही अर्थ नाही" हेही घाईचंच बोलणं.

गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय जोरात उडाला की नसा ठणठणीत, हा दुसरा समज. निरोगी जनावरात मेंदूचा या प्रतिक्षिप्त क्रियेवर लगाम असतो. वर कुठे इजा झाली की तो सुटतो आणि पाय गरजेपेक्षा जास्त उडतो. उलट पाय उडालाच नाही, तर शंका त्या वर्तुळावरच येते. कुत्र्यात ते मज्जारज्जूच्या कमरेच्या 4 ते 6 या खंडांतून जातं. म्हणजे हातोडी सांगते ती इजेची जागा, तिची तीव्रता नाही. त्यातही म्हाताऱ्या कुत्र्यांत ही क्रिया आजाराशिवायही मंदावते, त्यामुळे एकट्या हातोडीवर निदान करणाऱ्यापासून सावध राहिलेलं बरं.

कधी अपघातानंतर मागचे पाय लुळे आणि पुढचे लाकडासारखे ताठ दिसतात. लोक म्हणतात, मानही गेली. खरं तर पुढच्या पायांच्या ताठरपणाला आवर घालणाऱ्या पेशी कमरेच्या भागात असतात. मधला रस्ता तुटला की तो आवर सुटतो. मागून आधार देऊन उभं केलं तर हेच पुढचे पाय नीट पावलं टाकतात. शिफ आणि शेरिंग्टन या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखलं जाणारं हे लक्षण दिसायला भयंकर, पण तेवढ्यावरून कुत्रा वाचणार की नाही, चालणार की नाही, हे सांगता येत नाही.

शेपटीचंही तसंच. शेपटीखाली पुसताना ती हलली तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. नाव घेतल्यावर किंवा मालक दारात दिसल्यावर हलली तर ती खरी.

डोळ्यांबाबत थोडक्यात: टॉर्चने बाहुली आकुंचन पावली म्हणून दिसतंच असं नाही, कारण त्या क्रियेला मेंदूचा दृष्टीचा भाग लागत नाही. उलट डोळ्यासमोर अचानक हात नेल्यावर पापणी मिटणं ही शिकलेली गोष्ट आहे. पिल्लांना ती साधारण 10 ते 12 आठवड्यांपर्यंत जमत नाही. तेवढ्यावरून पिल्लू आंधळं ठरवू नये.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज मात्र लघवीचा. "उचललं की आपोआप होते, म्हणजे मूत्राशय चालू आहे." अनेकदा ती तुडुंब भरलेल्या मूत्राशयातून सांडलेली असते, आणि आत उरलेल्या लघवीत जंतुसंसर्ग वाढतो. अशा कुत्र्याचं मूत्राशय दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं. कुठे आणि किती दाबायचं, ते घरी नेण्याआधी डॉक्टरांकडून स्वतःच्या हाताने करून शिकून घ्या.