पावली : देहात मुरलेले स्मरण

आषाढी एकादशी समीप आली, की गोदाकाठच्या नांदेडपासून मांजरेकाठच्या लातूरपर्यंत गावोगावच्या देवळांत सांजवेळी टाळ झणाणू लागतात. एक पाऊल पुढे, एक मागे, मध्येच गिरकी. पाहणाऱ्यास पावली सहज वाटते; परंतु रांगेत प्रथमच उभ्या राहिलेल्या बालकास विचारावे! पायांकडे पाहावे तर टाळ चुकतो, टाळ सांभाळावा तर मुखीचे नाम सुटते.

ही तारांबळ म्हणजे अपयश नव्हे, ती पहिली पायरी होय. फिट्स व पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ साली कौशल्य-शिक्षणाच्या तीन अवस्था वर्णिल्या. प्रथम प्रत्येक हालचाल विचारपूर्वक करावी लागते. पुढे चुका विरळ होतात. अखेरीस देह आपोआप चालतो आणि मन मोकळे होते. वारकऱ्यास हवी असते ती हीच तिसरी अवस्था. पाय विसरले तरच चित्त विठ्ठलचरणी स्थिरावणार! लातूर जिल्ह्यातील औसा येथील नाथ संस्थानाच्या चक्री भजनात तर गोलाकार फिरता फिरता तोलही राखावा लागतो.

मग ही अवस्था साधावी कशी? एकादशीपूर्वीच्या आठ दिवसांत तासन् तास घोकून दिंडीपुरती पावली बसते, हे खरे. परंतु श्रावण सरेतो ती विरूनही जाते. थोडा थोडा सराव अनेक दिवसांत विभागला, तर तो अधिक टिकतो. मधल्या विश्रांतीत व निद्रेत मेंदू शिकलेली हालचाल पक्की करीत असतो. शी व मॉर्गन यांनी १९७९ साली आणखी एक नवल दाखविले. हातांच्या हालचालींचे तीन प्रकार आलटूनपालटून शिकणारे आरंभी मागे पडले. परंतु दहा दिवसांनंतर तेच सरस ठरले. म्हणून एकच पावली घोटीत न बसता प्रकार बदलीत राहावे. चुकले तरी खंत नको.

आपल्या पूर्वजांना हे मर्म अपरिचित नव्हते. अंधारात जेवताना हात अचूक मुखाकडे जातो, हे पाहून अर्जुनाने रात्रीच्या काळोखात धनुर्विद्येचा अभ्यास आरंभिला, ही महाभारतातील कथा घरोघरी ठाऊक आहे. डोळ्यांनी विसरावे, ते हाताने स्मरावे, हाच तो अभ्यास.

या स्मरणाचे स्थानही निराळे. ब्रेंडा मिल्नर यांनी १९६२ साली एका रुग्णाची हकीकत मांडली. मेंदूवरील शस्त्रक्रियेनंतर त्यास कोणतीही नवी घटना आठवत नसे. तरीही आरशात पाहून चांदणी रेखाटण्यात तो दिवसागणिक निष्णात होत गेला. आदल्या दिवशी आपण ती रेखाटली होती, याची मात्र त्यास जाणीवच नव्हती! नातवंडांची नावे चुकणारे एखादे वयोवृद्ध आजोबा मृदंगाचा नाद कानी पडताच अचूक पाऊल टाकतात, यात म्हणूनच आश्चर्य नाही.

परंतु हे धन ग्रंथात लिहून ठेवता येत नाही. ते एका देहातून दुसऱ्या देहात, शेजारी उभे राहूनच उतरते. आळंदीस १९१७ साली जोगमहाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तथापि बहुतेकांची पहिली शाळा म्हणजे घरचे अंगणच. तेव्हा वडीलधाऱ्यांचे पाय चालते आहेत तोवर मुलांना त्यांच्या शेजारी उभे करावे. आठ दिवस नव्हे, वर्षभर, प्रत्येक एकादशीस. पुढील आषाढीस त्या बालकाचे पाय आपोआप पडतील, आणि मुखीचे नाम सुटणार नाही.