कार्ड खिशात, डॉक्टर कुठे?

वाशिममध्ये कुणाचा गुडघा दुखू लागला की पुढचा रस्ता ठरलेला असतो. ओळखीच्या माणसाला विचारून अकोल्यातल्या हाडांच्या डॉक्टरचं नाव काढायचं, फोन करून नंबर लावायचा, तपासणी फी भरायची आणि संध्याकाळी एक्स-रे घेऊन घरी यायचं. दुखणं अवघड निघालं तर नागपूर. वाटेत कुणाची चिठ्ठी लागत नाही की परवानगी लागत नाही. प्रश्न एकच, पैशांची सोय आहे का?

याच सवयीत वाढलेली मुलं आता रिसोड, कारंजा, मंगरुळपीरहून परदेशी शिकायला जातात. कुणी शेत गहाण ठेवून काढलेल्या कर्जावर जातं, कुणी शिष्यवृत्तीवर. राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातींतले ७५ विद्यार्थी दरवर्षी निवडले जातात. २०२३-२४ या वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकलं. जर्मनीत त्याच वर्षाच्या हिवाळी सत्रात ४९,४८३ भारतीय विद्यार्थ्यांची नोंद होती.

यातल्या बहुतेकांकडे आरोग्य विमा असतो, कारण त्याशिवाय कुठे व्हिसा मिळत नाही, तर कुठे प्रवेश. तरीही पहिल्या थंडीत ताप आला की प्रश्न पडतो, जायचं कुठे? विमा बिलाचे पैसे भरतो. डॉक्टरच्या खोलीपर्यंत कसं पोचायचं, हे मात्र त्या देशाची व्यवस्था ठरवते आणि ती प्रत्येक देशात वेगळी आहे. सगळे घोळ होतात ते इथेच.

गैरसमज १ : विम्याचं कार्ड असलं की हव्या त्या स्पेशालिस्टकडे जाता येतं

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणी आधी साध्या डॉक्टरकडे जावं लागतं.

ब्रिटनमध्ये पहिली पायरी म्हणजे जीपी, राहत्या भागातला सरकारी आरोग्यसेवेतला डॉक्टर. त्वचा असो, कान असो की पाठ, आधी त्याने तपासायचं आणि गरज वाटली तर पुढे पाठवायचं. तातडीचा नसलेला आजार असेल तर पुढे पाठवल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांची मुदत इंग्लंडच्या आरोग्यसेवेने स्वतःसाठी ठरवली आहे आणि प्रत्यक्षात अनेकांना त्याहूनही जास्त थांबावं लागतं. अकोल्याला सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याला हे पचायला जड जातं.

जर्मनीत मोकळीक जास्त आहे. दातांचे, डोळ्यांचे किंवा स्त्रीरोगाचे डॉक्टर यांच्याकडे थेट जाता येतं. पण एक्स-रे, एमआरआय करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडे ‘उबरवायझुंग’ लागतं, म्हणजे हाउसआर्ट्स्टची चिठ्ठी. हाउसआर्ट्स्ट म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. स्पेशालिस्टची वेळ मिळत नसेल तर ११६११७ हा क्रमांक आहे. फॅमिली डॉक्टरने चिठ्ठीवर तातडीचा कोड दिला असेल, तर या सेवेने साधारण चार आठवड्यांत कुणा तरी स्पेशालिस्टची वेळ मिळवून द्यायची असते. मात्र डॉक्टर आपल्या पसंतीचाच मिळेल, असं नाही. ही सोय माहीत नसलेले विद्यार्थी महिनोन्‌महिने एकाच दवाखान्याला फोन लावत बसतात.

अमेरिकेत सुरुवात विद्यापीठाच्या हेल्थ सेंटरपासून होते. काही विद्यापीठांच्या योजनांत बाहेरच्या स्पेशालिस्टकडे जाण्याआधी या सेंटरची चिठ्ठी घ्यावीच लागते. ती नसेल तर बिलाचा मोठा भाग, कधी पूर्ण बिल विद्यार्थ्याच्या अंगावर पडतं. शिवाय तो डॉक्टर विमा कंपनीच्या नेटवर्कमधला असावा लागतो. नेटवर्क ही भानगड वाशिमकरांना अनोळखी नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कोणत्याही हॉस्पिटलात मिळत नाही, अंगीकृत रुग्णालयातच मिळतो आणि तिथे आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी कागद दाखवावे लागतात. अमेरिकेतलं नेटवर्क याच जातीचं आहे. फरक इतकाच, की तिथे आरोग्यमित्र नसतो. डॉक्टर यादीत आहे की नाही, हे विद्यार्थ्यानेच विमा कंपनीच्या संकेतस्थळावर पाहायचं आणि दवाखान्यात फोन करून पुन्हा विचारायचं.

गैरसमज २ : एवढा हप्ता भरला, आता सगळं फुकट

वस्तुस्थिती : हप्ता भरल्यानंतरही खिशात हात घालावा लागतो. किती, ते देशावर अवलंबून असतं.

ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरावा लागतो. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो वर्षाला ७७६ पौंड आहे. एका वर्षाच्या मास्टर्ससाठी व्हिसा वर्षाहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून ही रक्कम १,१६४ पौंड होते, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. हे पैसे भरल्यावर जीपी, हॉस्पिटल आणि ऑपरेशन यांचं बिल येत नाही. दात आणि चष्मा मात्र त्यात पूर्ण बसत नाहीत. औषधांचंही तसंच. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड द्यावे लागतात (२०२५ चा दर), तर स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तेच औषध फुकट मिळतं.

ऑस्ट्रेलियात विद्यार्थ्यांसाठी ‘ओएसएचसी’ नावाचा वेगळा विमा सक्तीचा आहे. तिथे सरकारने प्रत्येक तपासणीचा एक दर ठरवलेला असतो. विमा जीपीसाठी त्या दराच्या १०० टक्के देतो, हॉस्पिटलबाहेरच्या स्पेशालिस्टसाठी ८५ टक्के. डॉक्टरवर मात्र त्या दराचं बंधन नाही. समजा, ठरलेला दर १०० डॉलर आहे आणि स्पेशालिस्टने २०० घेतले, तर विमा देणार ८५ आणि उरलेले ११५ विद्यार्थ्याचे. या फरकाला तिथे ‘गॅप’ म्हणतात. वेळ घेतानाच फोनवर ‘गॅप किती?’ असं विचारण्याची पद्धत आहे आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

अमेरिकेचं गणित सर्वांत गुंतागुंतीचं. समजा, वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, ५०० डॉलर आहे आणि त्यापुढे खर्चाचा २० टक्के वाटा विद्यार्थ्याचा. तपासणीचं बिल २,००० डॉलर आलं, तर आधीचे ५०० आणि उरलेल्या दीड हजाराचे ३००, असे ८०० डॉलर स्वतःचे जातात. त्यातच ‘एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ नावाचा आकडेमोडीने भरलेला कागद येतो आणि नवखा विद्यार्थी घाबरतो. तो कागद म्हणजे बिल नव्हे, नुसता हिशेब. पैसे भरायचे ते डॉक्टरचं किंवा हॉस्पिटलचं बिल आल्यावर, आणि तेही दोन्ही आकडे जुळवून पाहून.

शिष्यवृत्तीवाल्यांचाही यात एक गैरसमज असतो. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये विम्याचा हप्ता मिळतो, हे खरं. डिडक्टिबल किंवा गॅप म्हणजे हप्ता नव्हे. ते पैसे निर्वाहभत्त्यातूनच बाजूला काढून ठेवावे लागतात.

गैरसमज ३ : भारतातली ट्रॅव्हल पॉलिसी स्वस्त पडते, तीच पुरे

वस्तुस्थिती : प्रवासासाठी आणि पहिल्या काही दिवसांसाठी ती उपयोगी पडते, शिक्षणाच्या काळासाठी नेहमी नाही.

जर्मन विद्यापीठात नाव नोंदवताना तिथल्या सरकारी विम्याचा किंवा त्यातून सूट मिळाल्याचा पुरावा लागतो. ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी विमा २०२५ मध्ये महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंना पडत होता. स्वस्त खासगी विम्याच्या मोहाने सुरुवातीलाच सरकारी विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी म्हणून पुन्हा त्यात येता येत नाही. कागदावर सही करण्याआधी दहादा विचार करावा, अशी ही गोष्ट आहे.

या व्यवस्थेचा पाया फार जुना. बिस्मार्कच्या जर्मनीत कामगारांच्या आजारपण विम्याचा कायदा झाला तो १५ जून १८८३ रोजी. त्याच जून महिन्यात डॉक्टर व्हायला निघालेल्या आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कला उतरल्या होत्या. परदेशी शिकणाऱ्यासाठी विमा ही गोष्टच तेव्हा नव्हती. न्यू जर्सीतल्या कार्पेंटर कुटुंबाने त्यांना घरात घेतलं, जीव लावला. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, पण शिकता शिकता जडलेला क्षय सुटला नाही आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

अमेरिकेत एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला विमा घ्यायची सक्ती केंद्रीय कायद्याने केलेली नाही, जे-१ या विनिमय कार्यक्रमाच्या व्हिसावर मात्र ती आहे. एफ-१ च्या बाबतीत नियम विद्यापीठ करतं. बाहेरची पॉलिसी चालेल का, त्यात काय काय हवं आणि विद्यापीठाच्या विम्यातून सूट मागणारा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत करायचा, हे विद्यापीठच सांगतं. अर्ज नामंजूर झाला तर विद्यापीठाच्या विम्याचा हप्ता थेट फीमध्ये जोडला जातो.

गैरसमज ४ : जुना आजार सांगितला तर विमा मिळणार नाही, म्हणून गप्प बसावं

वस्तुस्थिती : अनेक ठिकाणी जुन्या आजारालाही संरक्षण असतं. लपवल्याने नुकसानच होतं.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, दमा आणि थायरॉइड तर घरोघरी. ब्रिटनमध्ये अधिभार भरला की जुना आजारही त्यात आला. जर्मनीचा सरकारी विमा आरोग्याचे प्रश्न विचारून कुणाला नाकारत नाही. अमेरिकेत २०१० च्या आरोग्य कायद्याचे निकष पाळणाऱ्या विद्यार्थी योजनांना जुना आजार वगळता येत नाही. ऑस्ट्रेलियात वेगळं आहे. जुन्या आजारासाठी हॉस्पिटलात भरती व्हायचं असेल तर साधारण १२ महिन्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, मानसिक आजारासाठी दोन महिन्यांचा. भारतातल्या ट्रॅव्हल पॉलिसीत मात्र जुना आजार सहसा वगळलेला असतो.

म्हणून जिल्हा रुग्णालयातली किंवा खासगी दवाखान्यातली फाइल घरी कपाटात ठेवून जाऊ नये. निदान, तपासण्या आणि चालू औषधांची नावं इंग्रजीत एका कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्यावीत. औषधं कंपनीच्या नावाने न लिहिता मूळ घटकाच्या नावाने लिहिलेली हवीत, कारण आपल्या मेडिकलमधला ब्रँड तिकडे कुणी ओळखत नाही. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागून आणण्याची सोयही तिथे नाही. याला एक चांगला अपवाद आहे. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून घसा, कान, सायनस अशा सात ठरावीक तक्रारींवर औषध दुकानातला फार्मासिस्ट स्वतः तपासून औषध देऊ शकतो, जीपीची वेळ घ्यावी लागत नाही.

गैरसमज ५ : वेळ मिळत नसेल तर सरळ इमर्जन्सीत जावं

वस्तुस्थिती : इमर्जन्सीत आलेल्यांचा क्रम आजाराच्या गांभीर्यावर लागतो. आधी आला म्हणून आधी नंबर लागत नाही.

सर्दी-खोकला घेऊन गेलेल्याला तिथे कित्येक तास बसावं लागतं. अमेरिकेत तर ते बिलातही महाग पडतं. १९८६ च्या कायद्यानुसार तिथल्या इमर्जन्सी विभागाला पैशांचा विचार न करता रुग्ण तपासावा आणि सावरावा लागतो, पण बिल नंतर येतंच. २०२२ पासून नेटवर्कबाहेरच्या इमर्जन्सी उपचारांच्या अवाच्या सवा बिलांना कायद्याने लगाम घातला आहे. त्या कायद्यातून रस्त्यावरची अँब्युलन्स मात्र सुटली. म्हणून पाय मुरगळणं, ताप किंवा टाके पडण्याइतकी जखम यासाठी ‘अर्जंट केअर’ दवाखाना पाहावा. इंग्लंडमध्ये १११ वर फोन केला की कुठे जायचं ते सांगतात.

छातीत कळ, श्वास लागणं, बेशुद्धी किंवा मोठा अपघात असेल तर विम्याचा विचार करत बसू नये. ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनीत ११२, अमेरिकेत आणि कॅनडात ९११, ऑस्ट्रेलियात ००० हे आकडे लावावेत.

गैरसमज ६ : मनाच्या तक्रारीला डॉक्टर मिळत नाही

वस्तुस्थिती : बऱ्याच ठिकाणी ही वाट शरीराच्या आजारापेक्षा सोपी आहे.

झोप न लागणं, अभ्यासाची धास्ती, घरच्या कर्जाचं ओझं, यावर बोलायला बहुतेक विद्यापीठांत समुपदेशक असतो. इंग्लंडमध्ये ‘टॉकिंग थेरपीज’ या सरकारी सेवेसाठी जीपीची चिठ्ठीही लागत नाही, विद्यार्थी स्वतः नाव नोंदवू शकतो. इंग्रजीत मन मोकळं करणं अवघड जात असेल तर दुभाषी मागता येतो आणि त्याचे पैसे पडत नाहीत.

गैरसमज ७ : मित्राला जे लागू, तेच आपल्यालाही

वस्तुस्थिती : एकाच देशात नियम बदलतात. कॅनडात आरोग्यसेवा प्रांताच्या हाती आहे. ब्रिटिश कोलंबियात विद्यार्थी प्रांतिक योजनेत येतो, पण महिन्याला ७५ डॉलर भरून, आणि आल्यानंतर पहिला उरलेला महिना व पुढचे दोन महिने थांबून. त्या काळासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो. ओंटारिओत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी निराळी योजना आहे. मॅनिटोबाने २०१८ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना आपल्या योजनेतून वगळलं. टोरांटोतल्या मित्राचा सल्ला व्हँकुव्हरमध्ये चालत नाही.

वाशिममधून निघण्याआधी पालकांनी आणि मुलांनी पॉलिसीतल्या चार गोष्टी एकत्र बसून वाचाव्यात : स्पेशालिस्टसाठी चिठ्ठी लागते का, दवाखान्यांची यादी कुठे मिळते, स्वतःचा वाटा किती आणि प्रतीक्षाकाळ कशाकशाला आहे. विमा कंपनीचा क्रमांक आणि पॉलिसीची प्रत घरच्यांच्या मोबाइलमध्येही असावी. पोचल्यावर आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात डॉक्टरकडे किंवा हेल्थ सेंटरमध्ये नाव नोंदवावं. इंग्लंडमध्ये जीपीकडे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, आणि ओळखपत्र किंवा पत्त्याचा पुरावा हातात नसेल तरी त्या कारणाने नोंदणी नाकारता येत नाही.