मीरा रोडचा उकाडा आणि कोको बटर
लेखमाला : घरगुती उद्योगामागचं विज्ञान, लेखांक ७

मे महिन्यात मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये दुपारी पंखा गरगरत असतानाही खोलीचं तापमान ३२-३३ अंशांच्या खाली येत नाही. कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि आपल्या तोंडात ३७ च्या आसपास तापमान असतं. चॉकलेट बोटांत घट्ट राहावं आणि जिभेवर ठेवताच विरघळावं, ही सगळी करामत या तीन-चार अंशांत मावलेली असते. आपला उन्हाळा नेमका तिथेच येऊन बसतो. शांतीनगरपासून भाईंदर पश्चिमेपर्यंत राखीला, दिवाळीला, वाढदिवसाला घरी चॉकलेटं करून विकणाऱ्या कितीतरी जणी आहेत. मोल्डमधून चॉकलेट सुटत नाही, हाताला चिकटतं, दोन दिवसांत पांढरं पडतं, या त्यांच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच पदार्थात सापडतं. म्हणून आजचा पूर्ण लेखांक कोको बटरला.

गेल्या आठवड्यात बिया आंबवण्यापासून दळण्यापर्यंतचा प्रवास पाहिला. कोकोची बी दळली की कोरडं पीठ होत नाही, दाट काळपट द्रव होतो. सोललेल्या बीच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग निव्वळ स्निग्ध असतो आणि दळताना तयार होणाऱ्या उष्णतेने तो वितळतो. हा स्निग्धांश दाबून वेगळा काढायच्या यंत्राचं पेटंट १८२८ साली नेदरलँड्सच्या व्हान हाउटेन कुटुंबाने घेतलं. त्यांना हवी होती कोको पावडर. कोको बटर हे मागे उरलेलं उत्पादन होतं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८४७ मध्ये ते दळलेल्या कोकोत आणि साखरेत पुन्हा मिसळलं, तेव्हा ते मिश्रण साच्यात ओतण्याइतकं सैल झालं. चॉकलेटची खायची वडी जन्मली ती अशी. त्याआधी चॉकलेट हे मुख्यतः पेय होतं.

वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि कोकोचे अतिबारीक कण असतात आणि प्रत्येक कणाभोवती कोको बटरचा थर असतो. हा थर पुरेसा असेल तर चॉकलेट वाहतं, कमी पडला तर गोळा ओढल्यासारखं होतं. मोल्डिंगसाठी किंवा बुडवण्यासाठी वापरायच्या कुव्हर्चरमध्ये किमान ३१ टक्के कोको बटर असावं, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे तो यासाठीच. चॉकलेट दाट वाटलं म्हणून दूध किंवा पाणी घालणं म्हणजे ते हाताने बिघडवणं. पाण्याचे चार थेंब पडले तरी साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पातेल्यातला माल रेतीसारखा घट्ट बसतो. सैल करायचं असेल तर थोडं कोको बटरच घालावं. डबल बॉयलरची वाफ हा याच संकटाचा दुसरा दरवाजा. भाईंदरच्या कारखान्यांतली स्टीलची पातेली उत्तम असतात, पण खालच्या भांड्यापेक्षा वरचं लहान असलं तर कडेने वाफ आत येते. मायक्रोवेव्ह असेल तर तोच वापरा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने ढवळत. त्यात वाफेची भानगड नाही.

आता मुख्य गोष्ट. घरचं साजूक तूप थंडीत सावकाश थिजलं तर रवाळ होतं आणि फ्रिजमध्ये घाईने थिजवलं तर गुळगुळीत. तूप तेच, फक्त स्फटिक वेगळे. कोको बटर हाच प्रकार सहा तऱ्हांनी करतं. विली आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये या सहा अवस्थांना क्रमांक दिले, आणि चॉकलेटचा धंदा आजही तेच क्रमांक वापरतो. पहिल्या चार अवस्था ठिसूळ आणि कमी तापमानाला वितळणाऱ्या. चौथी तर २७-२८ अंशांनाच ढेपाळते. आपल्याला हवी असते ती पाचवी, जवळपास ३४ अंशांना वितळणारी. चमक तिच्यामुळे येते. तोडताना ‘टक्’ असा आवाजही तिचाच. शिवाय ती थिजताना आकसते, म्हणून चॉकलेट मोल्डमधून आपोआप सुटतं. मोल्डला तूप-तेल लावायची गरज पडत असेल तर दोष मोल्डचा नाही, स्फटिकांचा आहे.

पाचवी अवस्था मिळवायच्या खटाटोपाला टेम्परिंग म्हणतात. संगमरवरी लादी, मशीन यांची नावं ऐकून अनेक जणी आधीच माघार घेतात. माझ्या मते घरच्या ओट्यासाठी एकच पद्धत पुरेशी आहे. अर्धा किलो डार्क कुव्हर्चर घ्या. त्यातला तिसरा हिस्सा बारीक चिरून बाजूला ठेवा, उरलेलं ४५ ते ५० अंशांपर्यंत वितळवा. या तापमानाला जुने सगळे स्फटिक मोडतात. भांडं खाली उतरवून बाजूचे तुकडे थोडे थोडे टाकत ढवळत राहा. न वितळवलेल्या या तुकड्यांत पाचव्या अवस्थेचे तयार स्फटिक असतात आणि बाकीचं कोको बटर त्यांच्यावर बेतून थिजतं. थर्मामीटर ३१-३२ वर आला की थांबा. मिल्क चॉकलेट असेल तर आणखी दोनेक अंश खाली. या तापमानाला चौथी आणि तिच्या खालच्या अवस्था टिकूच शकत नाहीत, पाचवी टिकते. सुरीचं टोक बुडवून बाहेर ठेवा. चारपाच मिनिटांत चकचकीत थिजलं, बोट लावल्यावर ठसा उमटला नाही, की ओतायला घ्या. रेघा दिसल्या किंवा चिकट राहिलं तर पुन्हा ढवळा, मूठभर तुकडे आणखी टाका.

मात्र ही परीक्षा २०-२२ अंशांच्या खोलीतच खरी ठरते. तापलेल्या स्वयंपाकघरात उत्तम टेम्पर केलेलं चॉकलेटही थिजणार नाही, आणि बिचारी करणारी स्वतःला दोष देत बसेल. म्हणून आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात एसीची खोली हा चॉकलेटच्या कामाचा भागच धरायला हवा, त्याचं बिल किमतीत धरायला हवं. पहाटे काम करणं हाही चांगला तोडगा.

खाडी एका बाजूला, समुद्र दुसऱ्या बाजूला, मधे मिठागरं. हवेत ओल कायमचीच. मोल्ड पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, पण थंडगार चॉकलेट थेट दमट हवेत आणलं की त्यावर दव धरतं, साखर विरघळते आणि पाणी उडाल्यावर पृष्ठभाग खरखरीत पांढरा होतो. हा शुगर ब्लूम. दुसरा असतो फॅट ब्लूम : दुपारी अर्धवट वितळून रात्री मनमानी थिजलेलं कोको बटर पृष्ठभागावर येतं, हात लावला तर तेलकट लागतं. गिऱ्हाईक दोन्हींना बुरशी समजून डबा परत करतं. ती बुरशी नव्हे, खाल्ल्याने काही होत नाही, हे डब्यातल्या चिठ्ठीवर जरूर लिहावं.

इतका सायास टाळायचा म्हणून बहुतेक जणी कंपाउंड वापरतात. पुण्याच्या मोर्डेसारख्या कंपन्यांच्या स्लॅब किराणा दुकानातही मिळतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा पाम कर्नलचा प्रक्रिया केलेला मेद असतो. वितळवा, ओता, थिजवा, टेम्परिंग नको. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कोकोने टनाला १२,००० डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा तर अनेकींपुढे दुसरा पर्यायच उरला नव्हता. कंपाउंड वापरण्यात कमीपणा नाही. पण ते कंपाउंड आहे हे सांगावं आणि भाव त्याप्रमाणे लावावा, याबाबत मी ठाम आहे. आणि एक चूक कृपया करू नका : चव सुधारावी म्हणून निम्मं कुव्हर्चर, निम्मं कंपाउंड मिसळणं. हे दोन मेद एकमेकांच्या स्फटिकांत बसत नाहीत. मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ होतं आणि लवकर पांढरं पडतं.

कोको बटरशी खरोखर जुळणारे मेद मोजके आहेत. युरोपीय संघाने २००० साली केलेल्या नियमात चॉकलेटमध्ये पाच टक्क्यांपर्यंत फक्त सहा मेदांना परवानगी दिली, आणि त्या सहांत कोकम आणि आंब्याची कोय हे दोन आहेत. आगळ आणि आमसुलं केल्यावर उरलेल्या बिया कुटून, उकळून, वर आलेला मेद मुठीत वळायचा, हे मुठेल किंवा भिरंडेल कोकणात घरोघरी होतं, टाचांच्या भेगांना लावायला. त्यातले मुख्य रेणू कोको बटरमधल्या एका रेणूसारखेच असतात, पण एकूण मेद वितळतो ४० अंशांच्या जवळपास. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेतल्या प्रयोगांत कोकमाचा मेद थोड्या प्रमाणात घातल्यावर चॉकलेट अधिक घट्ट झालं आणि उष्णता अधिक सोसू लागलं. दमट उकाड्यात काम करणाऱ्या माणसाला याहून जवळचं काय असणार! दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जाती दिल्या आहेत. बियांच्या मेदाचं शुद्धीकरण लहान प्रमाणावर उभं राहिलं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या बागायतदाराचा आणि मीरा रोडच्या चॉकलेटवालीचा धंदा एका धाग्यात येईल, असं मला मनापासून वाटतं. तोवर गावाहून आलेला मुठेलाचा गोळा थेट पातेल्यात टाकू नका. त्याला स्वतःचा वास असतो आणि तो चॉकलेटला लागतो. खाण्याजोगं शुद्ध केलेलं कोकम बटर मिळालं तरच घ्या, शंभर ग्रॅम चॉकलेटला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, आणि डब्यावर त्याचं नाव छापा.